पावसाच्या मुलखात लॉरेल: कुंडीतल्या कोवळ्या झाडाची छाटणी आणि कीड

लॉरेलचं पहिलं रोप मी बुडवून मारलं. कुंडीखाली हौसेने निळी बशी ठेवली होती. जुलैत चार दिवस डिचोलीला गेले, परत आले तर बशी काठोकाठ भरलेली आणि पानं मान टाकून बसलेली. मला वाटलं तहानलंय, म्हणून आणखी तांब्याभर पाणी घातलं. आठवड्याने खोड बुंध्याशी मऊ झालं आणि मातीला गटारासारखा वास यायला लागला.

लॉरेल म्हणजे स्वयंपाकातल्या ‘बे लीफ’चं, भूमध्य समुद्राकाठचं झाड. तिथे पाऊस हिवाळ्यात पडतो आणि उन्हाळा कोरडा जातो. आपल्याकडे नेमकं उलट. गोव्यात वर्षाला सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. त्यामुळे बाहेरच्या पुस्तकांतलं ‘वसंतात छाटा, उन्हाळ्यात आकार द्या’ हे वेळापत्रक इथे चालत नाही. आपण तारखा पावसावरून ठरवायच्या. हे एवढं जमलं तर कात्री आणि कीड या दोन्ही गोष्टी आपोआप सोप्या होतात.

आधी खात्री करा की तो लॉरेलच आहे

नर्सरीत ‘बे लीफ’ म्हणून काय हातात पडेल याचा नेम नाही. माझ्याकडे त्या नावाने आलेलं दुसरं रोप वर्षभराने ऑलस्पाइस हे भलतंच मसाल्याचं झाड निघालं. आपला घरगुती तमालपत्र म्हणजे दालचिनीचं सख्खं भावंड. त्याच्या पानात देठापासून टोकापर्यंत जाणाऱ्या तीन ठळक शिरा असतात. लॉरेलच्या पानात मधोमध एकच शीर, तिच्यातून पिसासारख्या आडव्या शिरा फुटतात आणि पानाची कड किंचित लाटेसारखी हलते. पानं फांदीवर एकाआड एक येतात. ऑलस्पाइसची पानं समोरासमोर येतात आणि चुरगळली की लवंग-जायफळाचा वास येतो.

चौथा संशयित कण्हेर. ती गोव्यात रस्त्याच्या दुभाजकावरसुद्धा आहे आणि लांबून पान जरा सारखं दिसतं. कण्हेरीची पानं बहुधा तीन-तीनच्या झुबक्यात येतात, चुरगळल्यावर मसाल्याचा वास येत नाही आणि झाड अंगभर विषारी असतं. ज्याच्या पानाला वास नाही ते पान पातेल्यात घालायचं नाही, मग विकणारा काहीही सांगो.

तुमचं झाड तमालपत्र निघालं तर वाईट वाटून घेऊ नका. खालचं बहुतेक सगळं त्यालाही लागू आहे, आणि आपला पाऊस त्याला लॉरेलपेक्षा जास्त मानवतो.

कुंडी आणि जागा

यावर फार वेळ घालवत नाही, पण इथे चुकलं तर पुढची सगळी मेहनत पाण्यात. कोवळ्या रोपाला दहा ते बारा इंची मातीची कुंडी पुरते. फार मोठी कुंडी घेऊ नका, मुळं नसलेली माती ओलीच राहते. आपली तांबडी माती दोन भाग, नदीची जाड वाळू किंवा चिऱ्याची बारीक खडी एक भाग, चांगलं कुजलेलं खत एक भाग. मिश्रणात दोन-तीन मुठी भाताची तुसं घातली तर माती दाबून बसत नाही. कुंडीच्या तळाशी खडीचा वेगळा थर देण्याची जुनी पद्धत मी सोडली. पाणी थराच्या वरच अडतं आणि मुळांना तेवढी कमी जागा मिळते. भोकावर खापरीचा एक तुकडा पुरे.

कुंडी तीन विटांवर उचलून ठेवा. बशी असेल तर मेअखेर ती काढून कपाटात टाका, चवथीचे गणपती गेल्यावरही घाई करू नका, ऑक्टोबरात बघू.

जागा सकाळचं ऊन येईल अशी, दुपारी सावली, आणि मुख्य म्हणजे वारा खेळता. पावसाळ्यात बाल्कांवाच्या (घरापुढच्या बसायच्या पडवीच्या) कडेला, जिथे छपराची पागोळी थेट पडणार नाही पण हवा लागेल, तिथे ते सुखात राहतं. चारी बाजूंनी बंद गॅलरीत ठेवलं तर खवले कीड आलीच म्हणून समजा. माझी मावशी मांद्र्याला समुद्राकडे राहते. तिच्या झाडाची पानं टोकाला करपायची आणि ती रोगाचं औषध मारत बसली होती. तो नुसता खारा वारा होता. आठवड्यातून एकदा गोड्या पाण्याने पानं धुतली की काम भागतं.

पाणी कधी घालायचं हे बोटाने ठरवा. दुसऱ्या पेरापर्यंत बोट मातीत घालायचं, कोरडं लागलं तरच पाणी, आणि मग खालून निथळेपर्यंत.

छाटणी: कधी

मुख्य छाटणी पाऊस उघडल्यावर, ऑक्टोबरच्या उत्तरार्धात. पुढे नोव्हेंबर ते फेब्रुवारी हवा कोरडी आणि सौम्य असते, कापलेल्या जागा नीट सुकतात, नवी फूट निबर व्हायला वेळ मिळतो. दुसरी, अगदी हलकी, शेंडे खुडण्याची फेरी फेब्रुवारीत.

मेअखेर आणि जूनमध्ये कात्री हातात घ्यायची नाही. मोह होतो, कारण त्याच सुमारास आपण घरदार पावसासाठी आवरत असतो. पुरुमेंताचं, म्हणजे पावसाळ्याच्या बेगमीचं, सामान भरणं, छपरावरची कौलं फिरवणं, कुंड्यांचीही आवराआवर. मी एका वर्षी त्या भरात जूनच्या पहिल्या आठवड्यात छाटलं. कापलेल्या टोकांतून लुसलुशीत पोपटी फूट आली आणि पंधरा दिवस सतत भिजून ती काळी पडत खाली वाळत गेली. दोन फांद्या बुंध्यापर्यंत काढाव्या लागल्या. मोडलेली किंवा रोगट फांदी मात्र कधीही कापा, तिला मुहूर्त नाही.

ऑक्टोबरचं ऊनही कडक असतं हे विसरू नका. छाटणीनंतर आतली, आतापर्यंत सावलीत राहिलेली पानं उघडी पडतात आणि भाजतात. आठ-दहा दिवस कुंडी सावलीत सरकवा.

छाटणी: कशी

झाड पहिल्या वर्षाचं, वीतभर-हातभर असेल तर कापण्यासारखं काही नसतं. मधला शेंडा फूट-दीड फुटावर गेला की फक्त तो नखाने खुडा. लॉरेल सावकाश वाढतं, मनिप्लांटच्या सवयीने त्याच्याकडे बघू नका. शेंडा खुडल्यावर खालचे डोळे जागे व्हायला महिना-दीड महिना लागू शकतो. त्या काळात रोज जाऊन पाहिल्याने ते लवकर फुटत नाहीत, मी पाहिलंय.

दुसऱ्या वर्षापासून खरी छाटणी.

आधी सिकेटरची, म्हणजे फांद्या छाटायच्या हातकात्रीची, पाती स्पिरिटने पुसा. एका कुंडीचा रोग दुसऱ्या कुंडीत नेणारं सगळ्यांत विश्वासू वाहन म्हणजे आपली कात्री. धार नसेल तर लावून आणा. बोथट पातं फांदी चेचतं, आणि चेचलेली जागा वाळत जाते.

मग कापण्याआधी झाडाभोवती एक फेरी मारा. मेलेली फांदी कोणती, रोगट कोणती, एकमेकींवर घासणाऱ्या दोन कोणत्या, ते पाहा. घासणाऱ्या दोघींतली आत वळणारी काढा. बुंध्याजवळून, मातीतून सरळ उठणारे फुटवे येतात. झुडूपच हवं असेल तर त्यातले दोन-तीन ठेवा, एक खोड आणि वर गोल डोकं असं झाड करायचं असेल तर सगळे मुळाशी काढा.

आता आकार. काप पानाच्या किंवा डोळ्याच्या वर साधारण अर्धा सेंटिमीटर, किंचित तिरका, म्हणजे त्यावर पाणी साचत नाही. कोणत्या डोळ्यावर कापता ते महत्त्वाचं, कारण नवी फांदी त्या डोळ्याच्या तोंडाच्या दिशेने जाते. बाहेर तोंड केलेला डोळा निवडा. झाडाचं पोट मोकळं राहायला हवं. आपल्या हवेत हे दिसण्यापुरतं नाही, मधून वारा गेला की पानं लवकर सुकतात आणि बुरशीला बसायला जागा मिळत नाही. खूप वर खुंट सोडलात तर तो वाळतो, आणि वाळलेल्या खुंटातून रोग आत शिरतो.

एका वेळी झाडाचा पाव हिस्सा, फार तर तिसरा. जुनं लॉरेल जबर छाटणीतूनही उठतं, पण कुंडीतल्या पोराच्या मुळांत तेवढा साठा नसतो. झाड फारच वेडंवाकडं वाढलं असेल तर दुरुस्ती दोन वर्षांत वाटून घ्या.

कुंपणाची मोठी कात्री वापरू नका. ती पानं मधोमध कापते आणि प्रत्येक अर्ध्या पानाची कड तपकिरी होते, महिनाभर झाड उंदराने कुरतडल्यासारखं दिसतं. एकेक फांदी सिकेटरने.

उंच खोडावर गोल डोकं ही हॉटेलांच्या दारात दिसणारी ऐट घरी करायची असेल तर करा. पण खालची पानं घाईने ओरबाडू नका. खोड पेन्सिलीपेक्षा जाड होईपर्यंत ती राहू द्या, खोडाला तीच पोसतात. काठीचा आधार द्यायचा तर सुतळी आठच्या आकड्यासारखी सैल बांधा. मला स्वतःला झुडूपच बरं वाटतं. पानं जास्त मिळतात आणि वाऱ्यात कुंडी आडवी होत नाही.

छाटणीनंतर दोन मुठी गांडूळखत, बस. युरिया नको. जास्त नत्राने आलेली लुसलुशीत फूट म्हणजे माव्याला आणि खवल्यांना पाठवलेलं आमंत्रण.

कीड: आधी मुंग्यांकडे बघा

लॉरेलच्या खोडावरून मुंग्यांची रांग वर जाताना दिसली तर मुंग्यांना शिव्या देण्याआधी पान उलटं करून बघा. मधल्या शिरेला चिकटून तीन-चार मिलिमीटरचे, चपटे, तपकिरी, तिळासारखे ठिपके दिसतील. नखाने खरवडला की निघतो तो खवला. ही खवले कीड. ती झाडाचा रस पिते आणि गोड चिकटा सोडते. त्या चिकट्यासाठी मुंग्या येतात आणि बदल्यात कीड खाणाऱ्या लेडीबर्डसारख्या भुंग्यांना हुसकावून लावतात. आंब्यावरून उतरणारे आपले लाल हुमलेही यातलेच. चिकट्यावर पुढे काळी बुरशी चढते आणि पान चुलीवर धरल्यासारखं काजळतं. पुष्कळ लोक त्या काजळीवर औषध मारत बसतात. खवले गेले की काजळी ओल्या फडक्याने पुसून निघते.

उपाय या क्रमाने करते.

झाड वेगळं करा, इतर कुंड्यांपासून दोन हात लांब. फार भरलेली चार-सहा पानं आणि एखादी फांदी सरळ कापून पिशवीत बांधून टाका, खतात नको. उरलेले खवले कापसाच्या बोळ्याने पुसा. बोळा ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलात बुडवायचा, औषधाच्या दुकानात ते मिळतं. मला एकाने फेणी सुचवली होती. फेणीत अल्कोहोल ४२ टक्क्यांच्या आसपास, खवल्याच्या मेणचट पाठीवर ते कमीच पडतं, शिवाय वायाही जातं. ती पाहुण्यांसाठी ठेवा. देठाच्या बगला आणि फांद्यांची बेचकी जुन्या दातब्रशने घासा.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी कडुनिंबाचं तेल. एक लिटर कोमट पाण्यात आधी एक-दोन मिलि साधा द्रवसाबण, मग पाच मिलि तेल, आणि दुधासारखं पांढरं होईपर्यंत हलवा. साबण आधी घातला नाही तर तेल वर तरंगतं आणि फवाऱ्यातून एकदा नुसतं पाणी, एकदा नुसतं तेल येतं. आधी दोन पानांवर मारून दोन दिवस थांबा. मग पूर्ण झाड, पानांच्या पाठीमागून. भर उन्हात कधीच नाही, पानं भाजतात.

एका फवारणीने कीड गेली असं वाटतं आणि तिथेच बहुतेकजण फसतात. मोठा खवला आपल्या ढालीखाली सुरक्षित असतो. त्याची नुकती बाहेर पडलेली, डोळ्याला जेमतेम दिसणारी, चालती पिल्लंच औषधाला सापडतात. म्हणून आठ-दहा दिवसांच्या अंतराने तीन वेळा. कॅलेंडरवर खूण करून ठेवा, नाहीतर तिसरी वेळ राहतेच.

आणि मुंग्यांची वाट तोडा. आजीच्या जाळीच्या कपाटाचे पाय पाण्याच्या वाट्यांत असायचे, आठवतंय? तेच. कुंडी लोखंडी तिवईवर ठेवा, तिवईचे पाय पाण्याच्या डब्यांत, पाण्यात तेलाचे दोन थेंब, म्हणजे डासांची पैदास होणार नाही. झाडाचं एकही पान भिंतीला टेकता कामा नये, मुंग्यांना तेवढा पूल पुरतो.

पावसाळ्यात तेल टिकत नाही, तासाभरात धुऊन जातं. तेव्हा व्हर्टिसिलियम ही किडीवर वाढणारी बुरशी कामाला येते, तिला दमट हवाच हवी असते. कृषी सेवा दुकानात पावडर मिळते, प्रमाण पाकिटावरचं पाळा. तिच्यासोबत त्याच आठवड्यात बुरशीनाशक मारू नका. स्वतःच आणलेलं पाहुणं स्वतःच मारल्यासारखं होतं.

पिठ्या ढेकूण म्हणजे फांदीच्या बगलेत कापसाचे पुंजके. उपाय हेच. फक्त ते मुळांवरही बसतात, म्हणून झाड विनाकारण खंगत असेल तर कुंडीतून काढून मुळं बघा. मावा कोवळ्या शेंड्यांवर येतो, पाण्याच्या जोरदार धारेने जातो. एप्रिल-मेच्या कोरड्या उन्हात पानं फिकट, बारीक ठिपक्यांनी भरलेली आणि मागे कोळिष्टकासारखी जाळी दिसली तर लाल कोळी. दोन-तीन दिवसांआड सकाळी पानांच्या मागून पाणी मारा, कोळ्याला ओल सोसत नाही.

पावसात शंखी गोगलगाय. एका रात्रीत सगळे कोवळे शेंडे साफ करते. रात्री टॉर्च घेऊन जा, हातमोजे घाला, वेचा आणि मिठाच्या पाण्यात टाका. नाजूक काम नाही, पण दुसरा इलाज इतका खात्रीचा नाही.

अळी दिसली तर जरा थांबा. दालचिनी-तमालपत्राच्या कुळातल्या झाडांवर निळ्या पट्ट्याच्या ब्लूबॉटल फुलपाखराची हिरवी अळी वाढते. एखाद-दुसरी असेल तर मी चार पानं तिला देते. रोप अगदीच लहान असेल तर ती उचलून परसातल्या दालचिनीवर नेऊन सोडा.

इमिडाक्लोप्रिडसारखी झाडाच्या अंगात भिनणारी औषधं यावर मारू नका. दुकानदार हमखास तीच पुढे करतो, कारण ती लागू पडतात. पण हे पान आपल्या पातेल्यात जाणार आहे.

पावसातले दोन आजार

पहिला मूळकूज. ओळख साधी आहे. माती ओली आणि तरी पानं मलूल. माझ्यासारखं पाणी घालू नका. झाड कुंडीतून काढा, काळी-मऊ, वास येणारी मुळं निरोगी भागापर्यंत कापा, तितक्याच प्रमाणात वरचीही थोडी पानं कमी करा, आणि कोरड्या, भुसभुशीत नव्या मातीत ट्रायकोडर्मा (मुळं कुजवणाऱ्या बुरशीवर मात करणारी उपयोगी बुरशी) मिसळून लावा. लहान कुंडी, छपराखाली, पाणी बोट बघूनच. निम्मी मुळं पांढरी असतील तर वाचतं.

दुसरा पानांवरचे तपकिरी, पिवळ्या कडेचे ठिपके. ठिपक्यांची पानं काढा, खाली पडलेली गोळा करा, कुंड्यांमध्ये अंतर वाढवा. ठिपके दरवर्षी येत असतील तर पावसाआधी, मेच्या शेवटी एकदा बोर्डो मिश्रण. कुळागरवाल्यांना हे शिकवायला नको, सुपारीच्या कोळे रोगावर ते पिढ्यान्‌पिढ्या मारतात. आपल्याला एक लिटर पुरतं. दहा ग्रॅम मोरचूद अर्ध्या लिटर पाण्यात, दहा ग्रॅम कळीचा चुना दुसऱ्या अर्ध्या लिटरमध्ये, दोन्ही प्लॅस्टिकच्या भांड्यांत. मग मोरचुदाचं पाणी चुन्याच्या पाण्यात ओता, ढवळत. त्यात स्वच्छ लोखंडी खिळा मिनिटभर बुडवा. त्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी आहे, थोडा वाढवा. मिश्रण त्याच दिवशी संपवा. फवारणीनंतर महिनाभर पानं स्वयंपाकाला घ्यायची नाहीत.

खालची दोन-चार जुनी पानं पिवळी होऊन गळाली तर घाबरू नका. सदाहरित झाडाचीही पानं म्हातारी होतात. नेमकं काय झालंय ते कळतच नसेल तर पान आणि फांदीचा तुकडा पिशवीत घालून आपल्या तालुक्याच्या विभागीय कृषी कार्यालयात दाखवा. जुन्या गोव्यात एला इथे केंद्र सरकारची किनारी कृषी संशोधन संस्थाही आहे.

छाटलेल्या पानांचं काय

ऑक्टोबरच्या छाटणीत निघालेली निबर, निरोगी पानं धुऊन, पुसून, सावलीत सुपात पसरा. गेल्या काही दिवसांत कडुनिंबाचं तेल मारलं असेल तर ती वापरू नका, वासानेच कळेल. ताजं पान किंचित कडवट लागतं, आठ-पंधरा दिवस सुकलं की वास बसतो. सुकताना पानं गुंडाळतात, वर हलकं वजन ठेवलं तर सपाट राहतात. मग काचेच्या बरणीत. आपल्या दमट हवेत बरणी घट्ट हवी, तळाशी कोरड्या तांदळाचे चार दाणे टाका. पान शिजून मऊ होत नाही, म्हणून वाढण्याआधी काढायचं.

पहिल्या वर्षी माझी मोजून वीस पानं निघाली. पोर्तुगीज भाषेत याला ‘लोरु’ म्हणतात, आणि शेजारच्या आंटीला तो वास ओळखीचा. नाताळाच्या आधी कुंपणापलीकडून हाक आली, “बाय, तुज्या त्या झाडाचीं दोन पानां दी मगो.” दोन मागितली, मी पाच दिली. संध्याकाळी नेवऱ्यांचा डबा आला. आता ऑक्टोबरात कात्री काढली की ती बाल्कांवातूनच विचारते, यंदा किती निघाली.